सायलेन्सरचा वायू डिफ्यूझरमध्ये सोडला तर डाउनफोर्स वाढतो का?

नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी गाडी बांधतोय, त्यांचा हा प्रश्न. इंजिन केटीएम ३९०चं, ३७३ सीसी, एक सिलिंडर. मागे डिफ्यूझर, म्हणजे वर चढत जाणारा भाग, असलेला अंडरट्रे (गाडीखालचा तळ) नक्की झालाय. आता सायलेन्सरचं तोंड त्या डिफ्यूझरमध्ये सोडायचं का, आणि सोडलं तर किती डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, मिळेल, असं त्यांनी विचारलंय. दाखला फॉर्म्युला वनमधल्या २०१० आणि २०११च्या रेड बुल गाड्यांचा दिलाय.

सोडू नका. त्या रेड बुलमध्ये ही युक्ती का चालली आणि तुमच्या गाडीत का चालणार नाही, हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुन्हा शंका उरणार नाही. मात्र त्याआधी तळ नेमका काय करतो ते पक्कं व्हायला हवं, कारण तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये खरी अडचण तिथे दिसते.

तळाखालून जाणारी हवा अरुंद जागेतून वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो आणि गाडी खाली ओढली जाते, इतकं सगळ्यांना माहीत असतं. सुटतं ते हे, की तळाखालून किती हवा जाईल हे पुढचं तोंड ठरवत नाही, मागचा डिफ्यूझर ठरवतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर मागची गर्दी किती वेगाने सरकणार, हे पुढचा जिना किती लवकर मोकळा होतो त्यावर असतं, तसंच हे. गाडीमागचा दाब जवळपास वातावरणाइतकाच असतो. डिफ्यूझर हवेला हळूहळू पसरू देतो, तिचा वेग उतरवून दाब पुन्हा त्या पातळीला आणतो. म्हणजे डिफ्यूझरच्या सुरुवातीला, तळ जिथे वर वळतो त्या मोडावर, दाब त्याच्या बराच खाली असावा लागतो. सगळ्यात जास्त ओढ या मोडावर मिळते. डिफ्यूझर नीट चालला तर पुढच्या सपाट भागालाही फायदा होतो. तो स्टॉल झाला, म्हणजे हवा त्याच्या छतापासून सुटली, तर पुढचं सगळंच मंदावतं.

आता तुमची मापं. मोडापाशी तळ जमिनीपासून ४० मिमी, डिफ्यूझरची लांबी ६०० मिमी आणि कोन १२ अंश. म्हणजे मागे तळ १२७ मिमी वर जातो आणि बाहेरची उंची १६७ मिमी होते. बाहेरच्या आणि मोडापाशीच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर ४.२. इतक्या लांबीत हवेला इतकं पसरवणं कठीण आहे. छताला चिकटून वाहणारा मंद थर, म्हणजे बाउंड्री लेयर, वाढत्या दाबाविरुद्ध टिकत नाही आणि सुटतो. कोन ९ अंश केला तर बाहेरची उंची १३५ मिमी आणि गुणोत्तर ३.४ होतं. तेही काठावरचंच आहे, पण बाजूच्या भिंती आणि मधले उभे पडदे त्याला आधार देतात.

कोन ठरवताना फक्त उभ्या गाडीची उंची धरली जाते, आणि नेमकं तेच महागात पडतं. ब्रेक दाबला किंवा गाडी वळणात झुकली की त्या ४० मिमीचे कुठेतरी २५ होतात. डिफ्यूझर तोच, चढही तोच ९५ मिमी, पण गुणोत्तर ३.४ वरून ४.८ वर जातं. सीएफडीमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रवाहाच्या गणितात, सुंदर चालणारा डिफ्यूझर वळणात शिरताना स्टॉल होतो तो यामुळे. शिवाय तळ फार खाली गेला की तळाचा आणि जमिनीलगतचा मंद थर एकमेकांना भिडतात, मधून वाहायला जागाच उरत नाही. २०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये बोगद्यासारखे तळ परत आले, तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावर उसळत होत्या त्यामागे हेच चक्र होतं: तळ खाली ओढला गेला, वाट चोंदली, ओढ गेली, स्प्रिंगने गाडी वर आली, ओढ परत आली. तुमच्या वेगाला गाडी तशी उसळणार नाही. पण सीएफडी एकाच उंचीवर चालवून थांबू नका. २५, ३०, ४० आणि ५० मिमी, शिवाय पुढून अर्धा अंश खाली झुकलेली गाडी, एवढं तरी चालवा. ४० ला सर्वोत्तम आणि २५ ला कोसळणारा तळ नको. ४० ला थोडा कमी, पण २५ ला टिकून राहणारा निवडा.

आकडे काढू. मुंबईच्या हवेत, ३० अंश तापमानाला, घनता साधारण १.१५ किलो प्रति घनमीटर. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गतिज दाब, म्हणजे या वेगाच्या हवेला अडवलं तर वाढणारा दाब, निघतो १६० पास्कल. तळ एक चौरस मीटर आणि सरासरी दाबगुणक (तळावरचा दाब गतिज दाबाच्या किती पट) उणे ०.६ धरला, जो पहिल्या तळासाठी चांगला म्हणावा लागेल, तर ओढ ९६ न्यूटन, म्हणजे जेमतेम १० किलो. स्किडपॅडवर, म्हणजे गोल फेऱ्यांच्या चाचणीत, चालकाचा मार्ग सुमारे ९.१ मीटर त्रिज्येचा असतो. पाच सेकंदांत एक फेरी म्हणजे ताशी ४१ किमी. तिथे गतिज दाब ७६ पास्कल आणि तळाची ओढ साडेचार किलोच्या आसपास. चालकासह २८० किलोच्या गाडीला ही भर दीड टक्क्याची. कमी वाटते, पण ती तळाच्या वजनाव्यतिरिक्त जवळपास काही न मागता मिळते. तळाचा ड्रॅग, म्हणजे हवेचा रोध, विंगच्या तुलनेत फार थोडा. कोइमतूर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच आहे, तेव्हा स्पर्धेच्या, तिथल्या कारी ट्रॅकवर या ओढीतून चारेक टक्के वजा करा.

आता सायलेन्सर. ३७३ सीसी, चार स्ट्रोक, ९००० आरपीएम. सेकंदाला ७५ वेळा सिलिंडर भरतो. भरण ९० टक्के धरली तर हवा २९ ग्रॅम प्रति सेकंद, इंधन मिळवून ३१ ग्रॅम. ७०० अंशाच्या वायूची घनता ०.३६ असते, म्हणजे आकारमान सेकंदाला ८६ लिटर. ४० मिमी आतल्या व्यासाच्या नळीतून तो सरासरी ६८ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. वेग मोठा दिसतो, पण वस्तुमान आणि वेग गुणले की हाती २.१ न्यूटन लागतात. तिकडे तळाखालून १.२ मीटर रुंद आणि ४० मिमी उंच वाटेने, ६० च्या वेगाला, सेकंदाला जवळपास १.४ किलो हवा जाते. तिचा संवेग ३५ न्यूटन. म्हणजे तुमचा एक्झॉस्ट तळाच्या प्रवाहात वस्तुमानाने दोन टक्के आणि संवेगाने सहा टक्के भर घालतो, तीही फुल थ्रॉटलला. सगळं जुळून आलं आणि ओढ पाच टक्क्यांनी वाढली असं धरलं, तरी ६० च्या वेगाला हाती येतो अर्धा किलो.

२०१०-११च्या गाड्यांत २.४ लिटरची व्ही८ इंजिनं होती आणि ती १८,००० आरपीएमपर्यंत फिरायची. सेकंदाला अर्धा किलोच्या घरात वायू, तुमच्या पंधरापटींहून जास्त, आणि वेगही कितीतरी मोठा. दुसरा फरक ठोक्यांचा. त्यांचे ठोके सेकंदाला १२००, त्यामुळे डिफ्यूझरला तो सलग झोत वाटायचा. तुमचे ७५. ताशी ७० किमीला दोन ठोक्यांमध्ये हवा २६ सेंटीमीटर पुढे निघून जाते, म्हणजे डिफ्यूझरच्या ६०० मिमी लांबीत एका वेळी दोन-तीन ठोके आणि मधे रिकामी जागा. सुटू पाहणाऱ्या थराला अशा तुटक झोताने बांधून ठेवता येत नाही.

आणखी एक मोठा गैरसमज आहे. रेड बुलचा फायदा वायूच्या धक्क्यातून येत नव्हता. मागचं चाक फिरताना टायर जमिनीला टेकतो तिथली हवा बाजूला फेकतो. ही फेकलेली हवा डिफ्यूझरच्या कडेतून आत घुसते आणि तिथला कमी दाब मारून टाकते. रेड बुलचा डिझायनर अ‍ॅड्रियन न्यूई याच्या गाड्यांमध्ये झोत डिफ्यूझरच्या बाहेरच्या कडेला, टायर आणि भिंत यांच्या मधल्या फटीजवळ सोडलेला होता. तो तिथे पडद्यासारखा उभा राहायचा आणि टायरची हवा आत येऊ द्यायचा नाही. कड अशी बंद झाल्यामुळे गाडीचा मागचा भाग बराच उंच ठेवता आला, म्हणजे डिफ्यूझरला जास्त जागा मिळाली. १९७८च्या लोटस ७९ने हेच काम सरकत्या स्कर्टनी केलं होतं. स्कर्ट जमिनीला टेकून कड बंद करायचे, आणि तिचा चालक मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी विश्वविजेता झाला. पुढे सरकते स्कर्ट बंद झाले, १९८३पासून सपाट तळ सक्तीचे झाले, आणि त्याच वर्षी रेनॉच्या आरई४०मध्ये एक्झॉस्ट डिफ्यूझरकडे वळवला गेला. कड कशी बंद करायची, हाच प्रश्न नियम बदलले तरी पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

या युक्तीची मूळ खोट थ्रॉटलमध्ये आहे. चालकाने वळणात शिरताना पाय उचलला की झोत थांबतो आणि मागच्या चाकांवरचा भार नेमक्या त्या क्षणी उतरतो. मागचा भाग सुटतो. १९८० आणि ९०च्या दशकांत डिफ्यूझरच्या आत एक्झॉस्ट सोडलेल्या गाड्या चालवायला अवघड होत्या त्या यामुळेच. २०११मध्ये यावर उपाय निघाला तो इंजिनच्या मॅपिंगमधून: पाय उचलला तरी थ्रॉटल उघडा ठेवायचा आणि इग्निशन उशिरा द्यायची किंवा तोडायची. नुसती हवा पंप झाली तर कोल्ड ब्लोइंग, इंधनही जाऊन एक्झॉस्टमध्ये जळलं तर हॉट ब्लोइंग. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला यावर एका शर्यतीपुरती मर्यादा आली आणि लगेच उठली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ऑक्टोबरमध्ये भारतातली पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा रेड बुलचा चालक फेटेल पोलपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुढेच राहिला, ती गाडी हीच, आरबी७. २०१२पासून नळीचं तोंड तळापासून दूर, वरच्या बाजूला न्यायची सक्ती झाली. संघांनी कोआंडा परिणामाने, म्हणजे वक्र पृष्ठभागाला चिकटवत, झोत पुन्हा खाली आणला. २०१४मध्ये मधोमध एकच नळी आली आणि हा अध्याय संपला. तुमच्या केटीएमवर तसं मॅपिंग करायला गेलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जळेल, आणि रिस्ट्रिक्टरमागच्या (इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणाऱ्या अरुंद नळीमागच्या) एका सिलिंडरकडे उधळायला तेवढी हवाही नाही.

तरीही कुणाला करून पाहायचंच असेल, तर काय बिघडतं ते माहीत असू द्या. झोताचा जोरदार गाभा नळीच्या व्यासाच्या पाच-सहापट अंतरापर्यंतच टिकतो, ४० मिमी नळीला २० ते २४ सेंटीमीटर. पुढे तो भोवतीच्या हवेत विरतो. म्हणजे तोंड तळाच्या अगदी जवळ न्यावं लागतं, आणि घरच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडायला लागतं. आधी रंग तपकिरी होतो, मग कड लोंबते आणि डिफ्यूझरचा कोन आपोआप बदलतो. २०११च्या हंगेरी ग्रां प्रीत हाइडफेल्डच्या रेनॉने पिटमधून निघताना पेट घेतला होता. त्या गाडीत एक्झॉस्ट पुढे, साइडपॉडच्या तोंडाकडे नेलेला होता. ३८ मिमी बाहेरचा व्यास, १.२ मिमी जाडीची स्टेनलेस नळी मीटरला १.१ किलो भरते, आणि ६०० अंशांनी तापली की मीटरमागे ११ मिमी लांबते. सरकता सांधा आणि स्प्रिंग न देता दोन्ही टोकं पक्की केली, तर तडा वेल्डच्या बाजूलाच जातो, तोही हेडरच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या नळीच्या, कॉलरपाशी. ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट झोताच्या वाटेत आले तर ते फाटून ग्रीस उडतं. आणि आवाजाची चाचणी: माइक तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात, मर्यादा ११० डीबीसी (सी-मापनातले डेसिबल). तोंड तळाखाली असेल तर छत आणि जमीन दोन्हीकडून आवाज परततो, आणि आधीच काठावर असलेली गाडी नापास होते.

नळी डिफ्यूझरच्या वरून, मागच्या अ‍ॅक्सलजवळ बाहेर काढा. अंडरट्रेच्या वरच्या पृष्ठभागापासून किमान २५ मिमी हवेची फट ठेवा आणि मधे अर्ध्या मिलीमीटरची स्टेनलेस शील्ड द्या. ती अंडरट्रेला नाही, चौकटीला बांधा. अशी शील्ड कापून-वाकवून देणारी दुकानं रबाळे-महापेच्या पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मिळतील. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (कापणीच्या यंत्राला वाचता येणारी फाइल) न्या आणि वाकवण्याची त्रिज्या लिहून द्या.

वाचलेला वेळ कडांवर घालवा. तुमच्या अंडरट्रेची बाहेरची कड सरळ कापलेली आहे. तिला २५ ते ३० मिमी रुंद, किंचित वर वळलेली पट्टी द्या. बाहेरची हवा आत शिरताना त्या कडेवर भोवरा तयार होतो आणि तोच अर्धी सील होतो. जमिनीला टेकणारे स्कर्ट नियमात बसत नाहीत, चालकासह उभ्या गाडीला सगळीकडे ३० मिमी मोकळं हवं. डिफ्यूझरची बाजूची भिंत त्या मर्यादेपर्यंत खाली आणा, आणि टायरपासून ३० मिमीच्या आसपास दूर ठेवा, कारण वळणात टायर बाजूला फुगतो. पुढच्या आडव्या कडांना किमान ५ मिमी आणि उभ्यांना ३ मिमी त्रिज्या लागते, हे साच्यातच घ्या, नंतर पुट्टीने करू नका. २०० न्यूटन भार २२५ चौरस सेंटीमीटरवर टाकून १० मिमीपेक्षा जास्त वाकता कामा नये, ही तपासणीही आधी घरी करा. पाच मिमी फोम, घनता ७५ किलो प्रति घनमीटरची, दोन्ही बाजूंना २०० जीएसएम ग्लास फायबरच्या कापडाचे दोन-दोन थर, असा तळ चौरस मीटरला दोन किलोच्या आत बसतो आणि पुरेसा ताठ होतो, फक्त टेकू ४०० मिमीपेक्षा लांब अंतरावर नकोत. खारघर किंवा ऐरोलीत जुलैमध्ये लॅमिनेशन करत असाल तर दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरका चिकट थर येतो. त्यावर तसंच दुसरं काही चिकटवलं तर ते सुटतं. कोमट पाण्याने धुवा, स्कॉचब्राइटने घासा, पूर्ण वाळवा, मगच चिकटवा.

मोजमाप दाबाचंच करा. ६० च्या वेगाला १० किलो ओढ चार चाकांत वाटली की चाकामागे २४ न्यूटन. २५ न्यूटन प्रति मिमी व्हीलरेटला, म्हणजे चाकापाशी मोजलेल्या स्प्रिंगच्या ताठपणाला, सस्पेन्शन फक्त एक मिमी बसतं, रस्त्याच्या खडबडीत ते हरवून जातं. त्यापेक्षा तळाला एक मिमीची बारा भोकं पाडा: मधल्या रेषेत आठ, बाहेरच्या कडेपासून १०० मिमी आत चार. भोकाची खालची कड अगदी सपाट हवी, तिथे बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धातूची किंवा फायबरची कोर, राहिला तर वाचन खोटं येतं. वरून दोन मिमीची सिलिकॉन नळी. एमपीएक्सव्ही ७००२ डीपी जातीचे दाबाचे सेन्सर चालतील, पण सुरुवातीला रंगीत पाणी भरलेल्या पारदर्शक नळ्यांचा बोर्ड आणि त्यावर रोखलेला मोबाइल पुरे. एक मिमी पाणी म्हणजे ९.८ पास्कल. ६० च्या वेगाला गतिज दाब १६ मिमी, मोडावर पाणी त्याहून जास्त चढायला हवं. बोर्ड ३० अंशांत तिरका ठेवला तर तेच वाचन दुप्पट लांब दिसतं. संदर्भाचा दाब नाकापुढच्या पिटो-स्टॅटिक नळीतून (समोरून येणाऱ्या हवेचा आणि भोवतालचा दाब वेगवेगळा देणारी नळी) घ्या, कॉकपिटमधून नाही, कारण कॉकपिटमधला दाब वेगाप्रमाणे बदलतो.

वाचायचं असं. मोडावर सगळ्यात खोल ओढ, तिथून मागे ती उतरत उतरत बाहेर जवळजवळ शून्य: डिफ्यूझर चालतोय. मोडामागची सगळी वाचनं एकसारखी सपाट: प्रवाह सुटलाय, कोन कमी करा. मधल्या रेषेत चांगली आणि बाहेरच्या रांगेत निम्मीच: कड गळतेय. त्यात फक्त टायरजवळचं शेवटचं भोक बिघडलेलं असेल तर ती टायरने फेकलेली हवा. खात्री करायला डिफ्यूझरच्या छताला केरोसीनमध्ये कालवलेली पांढरी टायटॅनियम डायऑक्साइड पावडर लावा आणि एकच फेरी, एकाच वेगाने मारा. आत वळलेल्या रेघा दिसतील, आणि त्या जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत तुमचा डिफ्यूझर निकामी आहे.

चाचणी परवानगी घेतलेल्या बंद आवारातच. पाम बीच मार्ग पहाटे मोकळा दिसला तरी नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि तिथे जीव जाऊ शकतो. वेळ सकाळी आठच्या आधीची ठेवा. दुपारी खाडीवरून वारा सुटतो. सेकंदाला तीन मीटर वाऱ्यात १२ मीटरच्या वेगाने एकदा समोरून आणि एकदा पाठीवर घेऊन धावलात, तर दोन वाचनांत पावणेतीनपटींचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना मारा, आणि आकडे गाडीच्या वेगाने नाही, पिटोच्या दाबाने भागा.